पहिली बेल वाजली की

दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. पुढच्या मावशींच्या टोपलीत टोमॅटो, मिरच्या आणि चिप्सची आठ पाकिटं होती. मागची म्हणाली,

“मावशी, घरी फौज येणार वाटतं?”

“इमारतीत नवी आहे गं मी. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावलीय, संध्याकाळी सगळ्यांनी या म्हणून.”

“कोण कोण येतंय?”

“चिठ्ठी अजून कुणी फाडली नाही, एवढं खरं. चिप्सबरोबर साल्साच्या, म्हणजे टोमॅटोच्या चटणीच्या, तीन वाट्या मांडणार. सौम्य, मध्यम, झणझणीत.”

“एकच मोठं भांडं ठेवा की.”

“मग लोक एकदाच वाढून घेतात नि कोपरा धरतात. वाट्या लहान असल्या की माणूस पुन्हा टेबलाशी येतं, दोन शब्द बोलतं.”

“पाकिटं मात्र आधी फोडू नका हं, चिप्स मऊ पडतात. पहिली बेल वाजली की फोडा.”

“आधीच्या इमारतीत फोडून ठेवली होती. आठवडाभर पुरली मला.”