टीव्हीवरचा हात

— हुंगताय काय, सायेब? सीताफळ हाय, औषधाची बाटली न्हाई. ठेवा खाली. ठेवा म्हनलं ना! आन गाडीतल्या वैनींना सांगा, काचेतून हात हलवू नका म्हनावं, मला दिसायलंय सगळं — पांढरं हाय, घेऊ नका, आसंच म्हनायल्यात ना? हे पांढरं? हे बगा, बोटानं पुसलं, गेलं. पिठ्या हाय ह्यो, पिठ्या ढेकूण. किडा. फळाच्या डोळ्यांच्या खाचीत बसतो आन कापूस पिंजल्यावानी दिसतो. इख न्हाई, पावडर न्हाई, काय न्हाई. आमच्या डोंगरपट्ट्यात रांगतं लेकरू बी सांगंन पिठ्या म्हंजी काय ते. हे बगा, मी खातो — हं — बी थुकलं — मेलो का? उभा हाय ना तुमच्यापुढं? पन तुमी न्हाई खानार. कावून? तर तुमी बगितलंय ते टीव्हीवर. बगितलंय का न्हाई, खरं सांगा. — हां. वाटलंच मला. गाडी पुन्याची दिसते, म्हंजी तिथपतूर गेलंय ते.

बिभीषन म्हनतेत मला. त्यो मागचा डोंगर दिसतो ना, त्याच्या उतारावरची झाडं माझी. बापानं लावलेली. दसऱ्याच्या टायमाला ह्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, पाटी खाली टेकू देत न्हवते लोक. आन आता? गाडी हळू व्हते, काच खाली येते, पांढरं दिसलं की काच वर. परवा एकजन म्हनला, "काका, ह्याच्यावर काय मारलंय?" — काय मारलंय! पिकलेलं फळ उचललं आन हानलं त्याच्या काचेवर, फच्चकन. वायपर चालू करून पळाला सुक्काळीचा. माफ करा, तोंडात येतं. अंगात निस्ता जाळ उठतो, सायेब. शेरडं खायलेत माझं सीताफळ. शेरडांनी टीव्ही बगितला न्हाई ना, म्हनून.

त्यो टीव्हीवर दाखवला त्यो मानूस? त्यो आमचाच की. रहमतुल्ला. इथंच मांजरसुंब्याच्या फाट्यावर फळाचा यापार. माझा माल त्योच घ्यायचा, त्याच्या बापानं माझ्या बापाचा घेतला. भांडायचो बी लई — वजनावरून एकमेकाची आयमाय काढायचो, आन मंग एकाच बशीत च्या प्यायचो. आता पिठ्या कसा काढायचा, सांगा बरं? फडक्यानं घासलं तर फळ काळं पडतं, पान्यात बुडीवलं तर सडतं. म्हनून रहमतुल्लानं जुगाड केलता — शेजारच्या पंक्चरवाल्याकडनं हवेचा पाईप वढून आनायचा, एकानं पाटीतलं फळ फिरवायचं, दुसऱ्यानं हवा मारायची. फुस्स — सगळा पिठ्या धुरळ्यासारखा उडून जायचा. फळाला डाग न्हाई काय न्हाई. आन कुन्या गाडीवाल्यानं त्याचीच शूटिंग काढली. लांबून. त्यात काय दिसतंय? दाढी-टोपीवाला मानूस, हातात पाईप, आन फळावर पांढरा धूर. झालं! सांजच्याला टीव्हीवर — "सनासुदीला विषारी फवारा". मागं ढनढन वाजवायलेत, खाली पट्टी पळायलीय, टोपी तेवढी मोठी करकरून दाखवायलेत, आन एक बाई डोळे वटारून इचारायलीय, ही पावडर आली कुठून, कुनाच्या सांगन्यावरून आली? आगं बये, झाडावरून आली!

कुठं बगितलं? बंकटच्या ढाब्यावर. इथं दोन ढाबे हायेत, समोरासमोर. बंकटकडं एक चॅनेल, त्या समोरच्याकडं दुसरं. रिमोट गल्ल्यात, गल्ल्याला कुलूप. आमी बंकटकडचे. आपल्याकडचं भजं संपलं तर उपाशी उठू, पन रस्ता वलांडून तिकडं खानार न्हाई, आन तिकडचे बी इकडं येत न्हाईत. त्या दिवशी ढाबा गच्च. आन सायेब, एक सांगतो, त्या बाकड्यांवर जेवढे बसलते तेवढ्यांच्या बांधाला सीताफळ हाय. एकूनएक पिठ्याला वळखतो. कुनी म्हनलं का, आरं ह्यो तर पिठ्या? कुनी न्हाई. बंकट म्हनला, "बगा, इतके दिवस काय चारायलता आपल्याला." आन समदे थू थू कराया लागले. प्रविन तर खरंच भाईर जाऊन वकला — सकाळी सोताच्या झाडाचं फळ खाल्लेला मानूस! डोळ्यानं जे जन्मभर बगितलं ते एका घडीत पुसलं गेलं, काय जादू म्हनायची? मंग मारलं लोकांनी रहमतुल्लाला. लोकांनीच. मी न्हवतो. मी घरी व्हतो.

— आं? हां, ढाब्यावर व्हतो. आत्ताच म्हनलो न्हाई का. ढाब्यावर व्हतो, मारायच्या येळंला मागं व्हतो. लई मागं. आन तुमी जर समोरच्याकडचं चॅनेल बगत आसाल तर ते बी खोटंच हाय, सांगून ठेवतो. त्येन्च्या मतं भाईरच्या जिल्ह्यातून गाड्या भरून गुंड आले, तलवारी घेऊन. तलवारी! आमच्यात कुनाकडं तलवार? बंकटच्या जीपमधली टामी व्हती, चाक खोलायची लोखंडी सळई, चुलीजवळची लाकडं व्हती, बास. भाईरचा एक बी न्हवता. रहमतुल्ला तर नावानं हाका मारायलता — "बंकटशेठ! प्रविन, आरं प्रविन, मी हाय!" त्याला वाटलं वळखलं न्हाई त्याला. पाटी डोक्यावर धरलती, ती पहिल्याच दनक्यात फुटली, फळं रस्त्यावर, त्याच्यावरून समद्यांचे पाय घसरायलते, गराचा आन रगताचा निस्ता राडा. कुनी तरी वराडलं, त्याचं इख त्यालाच चारा. मंग जबडा फाकवून कोंबलं — गर, बिया, सालीसगट — ठसका लागला तर वरून लाथ. तरी उठायलता त्यो. गुडघ्यावर आलता, माझ्याकडंच बगायलता, तोंडात फळ आन माझ्याकडं बगायलता, मंग टामी अशी कानामागं बसली — नारळ फुटावा तसा आवाज आला, आन माझ्या हाताला खांद्यापतूर झिनझिन्या —

— काय बगायलात? हाताकडं काय बगायलात? तिथं कडं व्हतं. पितळंचं, गहिनीनाथगडावरून आनलेलं. काढलं. घट्ट व्हायलतं. — आसं बगू नका, सायेब, माझं डोकं फिरंल. तुमाला काय वाटतं, मी हौसंनं गेलतो? टीव्हीवर तुमी धूर बगितला, पाईप बगितला, टोपी बगितली. हात न्हाई बगितला? पाटीत फळ फिरवनारा हात? कोपरापसून खाली, कडं घातलेला. त्याच्याभवती लाल गोल काढलता, त्यो गोल गरागरा फिरायलता, आन ती बाई इचारायलीती — हा दुसरा हात कुनाचा? हा गद्दार कोन? सगळा ढाबा टीव्हीकडं बगायलता आन माझा हात तिथंच, टेबलावर, ताटात. हात टेबलाखाली घेतला, कडं वढलं, निघंना, कातडं सोललं तरी वढलं. आन सगळ्यांच्या आधी उठलो. "बसलाव काय बे बांगड्या भरून? चला!" मीच म्हनलो. काय करायचं व्हतं मंग? बसून राहिलो आसतो तर कुनाची तरी नजर वळली आसती. टामी बी मीच उचलली. ज्याच्या हातात टामी हाय, त्याच्या हाताला कोन इचारतंय, त्यो कुनाचा म्हनून?

वाचला त्यो. म्हंजी, श्वास चालू हाय. मोठ्या दवाखान्यात पडलाय, जीभ उचलत न्हाई, आन वरून त्याच्यावरच केस — खान्यात इख कालवलं म्हनून. खाटंपाशी पोलीस बसवलाय. इमामबी, त्याची बायकू, रोज येते हितं. तुमी उभे हाव ना, तिथंच येऊन उभी राहते. "भाऊ, तुमीच तर व्हते ना संगं. ठान्यात चला, येवढंच सांगा — हवा व्हती, पिठ्या व्हता. माझ्या मानसाचा हात बांधलाय त्येन्नी खाटंला." येवढंच! आगं, येवढंच कसं? पिठ्या व्हता म्हनलं की कुनी इचारनार, तुला कसं ठावं? म्हंजी हात आला. हात आला की मी आलो. बंकट काय म्हनंल, पोरं काय म्हनतील? काल पाटी उगारली मी तिच्यावर. पळंल म्हनलं. न्हाई पळाली. पदर सावरून म्हनली, "मारो. उन्को मारा, मुझे भी मारो." तिला ठावं हाय, सायेब. तिला कुनी सांगितलं न्हाई, पन ठावं हाय. आन तरी मलाच बोलवायली साक्ष द्यायला, हवा मारताना दुसरं कुनी व्हतंच न्हाई ना तिथं. जीव तुटतो हो. आज उठल्यापसून डोक्यात भुंगा लागलाय — जावं का ठान्यात? तुमी शिकलेले दिसताय, तुमी सांगा, जावं का? बिचाऱ्याचा खाटंला बांधलेला हात तरी सुटंल. त्यो बोलाया लागला तर तसं बी सांगनारच. मंग आपुनच आधी —

थांबा. फोन वाजायलाय. प्रविन हाय.

— बोल बे... काय? ...कवा? ...आं... आं... ती कुठंय, इमामबी? ...बरं. बरं. रडू नको रं, गप बस... ते न्हाई इचारत मी, टीव्हीवर काय सांगायलेत? डाक्टर गेला खड्ड्यात, टीव्हीवर काय सांगायलेत ते सांग आधी! ...समोरच्याकडचं सोड, त्येन्चं तलवारीचंच चालायचं. आपल्याकडं? ...बंकटला म्हनावं आवाज वाढीव. खालची पट्टी वाच. नीट वाच... हां... परत वाच... हां. ठेव.

— हार्ट अटॅक आला, सायेब. रहमतुल्लाला. गेला त्यो. आधीपसून बिमार व्हता म्हनं. काळजाचं दुखनं, लई दिवसाचं, औषध बी चालू व्हतं. आमाला कवा बोलला न्हाई बगा, शेजारी राहून बी मानसाचं कळत न्हाई. न्हाई — कानामागं? कुनाच्या कानामागं? मी कवा म्हनलो? अहो, अटॅक आलाय, टीव्हीवर लिहून दाखवायलेत, जाऊन बगा की बंकटकडं, आत्ता चालू हाय. तुमी पुन्याचे, तुमाला काय ठावं हितलं? गाडी काढा. मागं ट्रक थांबलाय, रस्ता मोकळा करा. आं? काय ठावं हाय मला? काय बी ठावं न्हाई. निघा म्हनलं ना!