मारुतीचं शेपूट

तर लीला भर दुपारी मुरगूडच्या गाडीला रांगेत उभी, आणि तिच्या पुढं शालन न् तिचा धाकटा भाऊ अंबादास. फुटपाथवर खडूनं देव काढायचा तो. दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"अक्का, सिदू अजून हलगी वाजवतोय."

"सिदू श्रावणात गेला. तूच खांदा दिलास की."

"म्हणून तर. तो वाजवायचा, मी काढायचो. त्याची हलगी थांबली की माझा खडू थांबायचा. आता त्याला थांबवणार कोण?"

"म्हणून बिंदू चौकापासनं स्टँडापतोर मारुतीचं शेपूट वढत आलास व्हय?"

"हात उचलंना. खडू संपला, मग बोटं घासली."

"मुरगुडात न्हाय ऐकू यायचं. चल."

"आन् तिथं बी आलं तर?"

शालन मागं वळली. "ताई, तुम्हीच सांगा ह्याला. कुठं हलगी ऐकू येतीया का?"

"न्हाय की हो," लीला म्हणाली.

"ऐकलंस? न्हाय म्हणत्यात."

अंबादास खालीच बघत होता. "मग ताई, तुमचा पाय कशावर ताल धरतोय?"

लीलानं पाय आवरून बघितला. आवरंना.