धुक्यातली गॅसबत्ती

हॅलो? … हो, हिल्माच बोलतेय. कोण, लेम्पी? … तुझ्या कानावर कोणी घातलं? … चर्चमध्ये? मग तिखटमीठ लागूनच आलं असणार. … अगं ऐक ना, कोणी बुडालं-बिडालं नाही. आर्वो ठणठणीत आहे. अंगणात लाकडं फोडतोय.

… पहिल्यापासून? बरं, बस खुर्ची ओढून.

ती जुनी गॅसबत्ती नाही का… हो, हिरवी. गावातल्या निएमींनी गॅरेजमधलं जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा आणलेली. नाताळच्या माळांखाली पडली होती बिचारी. आर्वो म्हणाला, "ही नुसती घोरेल, उजेड काही पडायचा नाही." … हो ना. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं बोलणं तुला काय नवीन?

… छे, कठीण कसलं? पंपातलं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालेलं. तेलात भिजवलं. नवं जाळीचं मेंटल बांधलं, अंगणात जाळून राख करून घेतलं. … अगं राखच लागते, तीच उजळते. दोनदा नुसती भडकली. तिसऱ्यांदा सूं करत जी लागली, शेजारची मांजरं पळाली.

हो, हो… येतेय धुक्यावर. शनिवारी सुपिरिअर सरोवराच्या काठी तंबू ठोकला. आर्वो होडी घेऊन गेला, जेवणाआधी ट्राउट मासे आणतो म्हणून. एकटाच. … मीही तेच म्हटलं. आणि दिवस कलायला लागला तसं पाण्यावरून धुकं आलं. … दाट? धक्क्याचं टोक दिसेना. मी हाका मारतेय, तो ओ देतोय, पण कुठून ते दोघांनाही कळेना. मग ओ पण येईना. पलीकडे ते खडक… हो, तेच.

… बत्तीच पेटवली. जास्तीच्या वल्ह्याला अडकवून उंच धरली आणि धक्क्यावर उभी राहिले. उजेड मंदावला की खाली घ्यायची, पंप मारायचा, पुन्हा वर. … दंड? भरून आलेत गं. आज कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतेय.

मग वल्ह्यांचा आवाज आला. म्हटलं, "आर्वो?" … नाही गं. कोणी परकी बाई, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. दोघं काकडलेली. "तुमच्या उजेडावर आलो," म्हणाली. … पांघरुणं तंबूत आहेत म्हणून सांगितलं, कॉफी तिनेच केली. मी कशी हलणार?

… नाही, तेव्हाही नाही. … बऱ्याच वेळाने. आधी खोकला ऐकू आला. त्याचाच. आणि होडीतून उतरून पहिलं वाक्य काय, तर "मासे नाही मिळाले." … हस, हस तू.

… मी? नाही, रडले-बिडले नाही. … बरं, रडले. बत्ती पुढे धरलेली असली की मागचा माणूस कोणाला दिसत नाही, ते एक बरं असतं. … आर्वोला सांगू नकोस.

थांब हं, तो आत आलाय. … लेम्पी आहे रे. बत्तीचं विचारतेय. … काय? … लेम्पी, हा म्हणतोय, तुमच्याकडे होडी आहे आणि बत्ती नाही, हे काही खरं नाही. येत्या शनिवारी गावात कुठे कुठे जुनं सामान निघतंय म्हणे. सकाळी तयार राहा, तुला घ्यायला येतो. … अगं मी नाही म्हणत, हाच म्हणतोय. … शपथ.

ठेवते आता. पेपरातलं जाहिरातींचं पान माझ्या कोपराखाली आहे, हा केव्हाचा ओढतोय.