महाराजांच्या खांद्यावरची चादर

तुम्ही मला हसता, की चादरी विकणारा माणूस 'थंडी लई हाय' असं कधीच कसं म्हणत न्हाई? ऐका मग.

ऐन थंडीत एक दिगंबर मुनी आपल्या मुरुडातून लातूरकडं पायी निघाले होते. माझा दोस्त अभय जैन हाय. तो म्हणला, "चल, थोडं सोबत जाऊ."

दिवस उगवला तसं निघालो. स्वेटर, मफलर, कानटोपी घालूनबी मी कुडकुडत होतो. पुढं महाराज अनवाणी. अंगावर सूत न्हाई, हातात मोरपिसांची पिंछी अन् कमंडलू. त्यांच्या पाठीवर काटा आलेला मला दिसला अन् ऱ्हावलंच न्हाई. दुकानातली सगळ्यात भारी चादर महाराजांना द्यायला काखेत घेऊन आलो होतो, ती मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर टाकली.

महाराज जागच्या जागी थांबले. डोळे मिटून घेतले.

अभयनं माझा दंड धरला. "काढ आधी ती! अंगावर कापड असंल तंवर महाराज पाऊल टाकणार न्हाईत. संध्याकाळपर्यंत असेच उभे ऱ्हातील."

मी चादर ओढून घेतली. वाटलं, आता शाप देतेत. महाराजांनी डोळे उघडले, माझ्या मफलरकडं बघून हसले.

"थंडी वाजते का?"

"व्हय महाराज, लई."

"मलाही वाजते," ते म्हणले, अन् चालायला लागले.