चार दिवसांची पट्टी

तुम्हाला सांगते, दुखणारी पट्टी मागून घेणारा पेशंट मी आयुष्यात एकच बघितला. तेव्हा मी कुंडलच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग करायचे. ते म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरी एकटेच. उसाचा खुंट लागून त्यांच्या नडगीला जखम झाली होती.

मी म्हटलं, “आबा, जखम ओली हाय. फोमची पट्टी लावते, ती ओल शोषून घेती. चार दिवस काढायची न्हाई.”

“नगं. साधी गॉजची लावा, रोज बदलायची.”

“आवं, ती चिकटती. काढताना लय दुखंल.”

“दुखू दे की. तेवढंच रोज कुणाशी बोलणं हुईल.”

पण जखमेला फोमचीच योग्य होती, तीच लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बाकावर हजर.

“पट्टी सुटली का?”

“न्हाई. नीट बसलीया का, तेवढं बघा.”

मग ते रोजच यायला लागले, पट्टी मात्र मी चार दिवसांनीच बदलायचे. तिसऱ्या आठवड्यात पट्टी काढली, तर खाली कोवळी गुलाबी कातडी आलेली. मी खुशीत म्हटलं, “आबा, जखम भरली! आता यायचं काम न्हाई.”

आबा नडगीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एवढ्यात?”