तेलाचं निमित्त

“तेल गरम असतानाच सोडायचं, म्हणजे तळचा गाळही सोबत निघतो.” काम शिकवणाऱ्या उस्तादांचा तो जुना आवाज मेकॅनिकच्या कानात अजून तसाच होता. आलिशान, मोठ्या गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून तो इंजिनाचं जुनं तेल खाली सोडत होता, आणि वर गाडीच्या मालकांचं नि त्यांच्या बायकोचं चाललं होतं.

“लेकीकडे जायचं म्हटलं की तुम्हाला तेल आठवतं.”

“लांबचा पल्ला आहे. इंजिनाला जपायला नको?”

“दोन महिन्यांत तिसऱ्यांदा? इतके लाड माझे कधी केले नाहीत.”

“तू कधी बंद पडली नाहीस ना.”

“तिकडे नात रांगायला लागली, आणि आपण अजून गॅरेजातच. अहो दादा, खरंच खराब झालं होतं का हो तेल?”

“छे हो काकू, मधासारखं आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं.”

“ऐकलंत? मग उद्या सकाळी निघू या.”

मग काका अगदी हळू म्हणाले, “गाडीचं काही नाही गं. मलाच आताशा समोरचा रस्ता नीट दिसत नाही.”