रुमालाखालचा हात

(सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, दुपार कलती. चुडामणबापूंच्या एका हातात फोन. दुसरा हात गिऱ्हाइकाच्या हातात, वर रुमाल. बोटं दाबून भाव ठरतो, मूठ वळली की सौदा पक्का, आणि विकलेल्या जनावराला गुलाल. फोनवर व्हिएन्नाहून मुलगा भाग्येश आणि सून ममता.)

भाग्येश : ...नाही हो बापू, देऊळ नाही ते, राजवाडा आहे. माझ्या मागे बघा. दिसतोय?

चुडामण : तुन्हं नाक दिसी ऱ्हायनं. मिरचीनागत लाल व्हई गयं शे.

ममता : माझंही तसंच झालंय बापू. म्युनिकची थंडी पुरत नव्हती, म्हणून शनिवार-रविवार इथली खायला आणलंय मला.

भाग्येश : ममता, जरा गप्प बस. बापू, हा इथला नाताळचा बाजार. जगभरातून माणसं येतात बघायला.

चुडामण : बाजारमा ते मीबी उभा शे. तठे काय काय शे?

भाग्येश : दुकानं, रोषणाई, लाकडी खेळणी, साखरेत घोळलेले बदाम. तो पाळणा बघा केवढा!

चुडामण : पाळना शे, ते बरं शे. गोडीशेव शे का?

भाग्येश : गोडीशेव कुठली इथं!

चुडामण : मंग अर्धीच यात्रा शे ती. बरं, आयक. आठे मन्हासमोर हेमकांतभाऊ उभा शे, सुरतथीन उना. वरातीसले घोड्या पुरावाना धंदा शे त्याना. मन्हा हात त्याना हातमा शे, रुमालखाल. बोटं दाबी ऱ्हायना तो. आपली काजळ घोडीनं काय करू, सांग.

भाग्येश : त्यात करायचं काय? मागच्याच महिन्यात ठरलंय ना आपलं! विकून टाका. तुमचा गुडघा तसा, आईची पाठ तशी. उद्या घोडी उधळली, तुम्ही पडलात, तर मी काय इथून फोनवर उचलू तुम्हाला?

चुडामण : तू ठरावं, मी हो म्हनं. पन मन्हा मनमा नही शे. तू एकदाव 'ऱ्हाऊ द्या' म्हन, मी लगेच हात काढी लेस.

भाग्येश : बापू, थांबा, थांबा! आमचा नंबर आला.

चुडामण : कसाना नंबर? दवाखानामा शे का तू?

ममता : दवाखाना परवडला असता. घोड्यांच्या बग्गीची रांग आहे बापू. कधीचे उभे आहोत, माझे पाय आता आहेत की नाहीत, तेही कळत नाही.

चुडामण : बग्गीमा बसाले रांग? पैसा मोजीसन?

ममता : किती, ते विचारू नका. ठसका लागेल.

चुडामण : आयक हेमकांतभाऊ, देख मन्हा पोऱ्यानी अक्कल. घरनी घोडी इकी टाक म्हनस, नि तठे परकी घोडीनं शेपूट देखाले पैसा मोजस!

भाग्येश : बापू, त्या माणसाला कशाला सांगताय? ही वेगळी गोष्ट आहे. हा एक अनुभव असतो.

चुडामण : अनुभव शे व्हय हाऊ! उमर गई मन्ही लीद उखलामा, माले कोनी सांगंच नही.

ममता : बापू, हे तर काहीच नाही. सकाळी बोटभर कपात कॉफी प्यायले, तोही अनुभवच होता.

भाग्येश : तुम्ही दोघं एक व्हा, मी चुकलोच फोन करून.

चुडामण : रागाऊ नको रे. तुन्ही वरात काजळवर निंघनी व्हती, आठवस ना?

ममता : मला आठवतं! बँड वाजला आणि हे मानेला मिठी मारून बसले. फेटा सगळा तिच्या कानात. माझा मामा म्हणाला, घोडीच धीर देतेय नवरदेवाला.

भाग्येश : झालं सांगून? आता सगळ्या बाजाराला कळलं.

चुडामण : पन तिनी पाडं नही तुले. इतला बँड, इतला फटाका, तरी दगडनागत उभी ऱ्हायनी. भाग्येशभाऊ, मन्हा जीव शे तिनामा. तुन्ही माय आज जेवनी नही, यात्रालेबी उनी नही. खरं सांगस, माले इकानी नही शे. तू फक्त...

भाग्येश : एक मिनिट बापू, एकच मिनिट. चढतोय. ममता, तू या बाजूला बस. पांघरूण घे की! फोन असा धर, घोडे दिसायला हवेत. हां. बापू, निघाली बघा! टापांचा आवाज येतोय?

चुडामण : ई ऱ्हायना.

भाग्येश : दगडी रस्ता आहे ना, म्हणून असा खणखणीत. काय सांगू बापू तुम्हाला! घोडा म्हणजे काय मजा असते, ते मला आज पहिल्यांदा कळतंय.

ममता : अहो! काय बोलताय? कुणापुढे बोलताय?

भाग्येश : का? काय झालं? बापू? हॅलो? चित्र अडकलं वाटतं.

चुडामण : अडकनं नही. आठेच शे मी.

भाग्येश : मग बोलत का नाही?

चुडामण : मूठ वळी गई मन्ही.

भाग्येश : कुठं?

चुडामण : रुमालखाल. तू बोलना, नि मन्ही मूठ आपसूक आवळाई गई. हेमकांतना हात व्हता तिमा. सौदा व्हई गया.

भाग्येश : अहो, मग सांगा ना त्याला, चुकून झालं म्हणून!

चुडामण : आठे चुकून काही ऱ्हास नही. आज मी 'चुकून' म्हनसू, ते परत यात्रामा कोन मन्हा हात धरी? नि तुले ते पायजेच व्हतं.

भाग्येश : हो, पण असं नाही. मला वाटलं, तुम्ही... बापू, नका विकू. ऱ्हाऊ द्या. मी सांगतो ना, ऱ्हाऊ द्या.

ममता : आता?

चुडामण : आते गुलाल लागी गया तिले, भाऊ.

भाग्येश : थांबवा ही गाडी! अरे, थांब! स्टॉप!

ममता : ओरडू नका. पूर्ण फेरीचे पैसे भरलेत तुम्ही. तो काही मध्ये थांबायचा नाही.

भाग्येश : बापू, फोन वळवा तिच्याकडे. एकदा बघू द्या.

चुडामण : काय देखशी? पाठ दिसी ऱ्हायनी तिन्ही. टेम्पोकडे ली जाई ऱ्हायनात.

भाग्येश : बापू... तिनं मागं वळून पाहिलं का?

चुडामण : नही. घर सोडतांना तू तरी कोठे पाह्यं व्हतं, भाऊ.